उपग्रहाला शंका कशी विचारायची?

साइट म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना एकतर वेबसाइट आठवते, नाहीतर ऑनसाइट. पण मंडळी, या विकांताला ज्या साइटबद्दल लिहितोय ती १९७५ सालची. सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, म्हणजे उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही दाखवून शिक्षण देण्याचा प्रयोग. करार विक्रम साराभाईंच्या हयातीत, १९६९ साली झाला. प्रयोग बघायला मात्र ते राहिले नाहीत. नासाने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर वापरायला दिला, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही बसले. अँटेना दहा फुटी, आणि ती कशाची? तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची! (असाच एक संच कोलंबोत आर्थर क्लार्कच्या घरीही बसवला होता. उपग्रहाने संदेश पाठवायची कल्पना १९४५ साली मांडणाऱ्या माणसाला एवढा मान मिळायलाच हवा.)

शेती, आरोग्य, बातम्या हे सगळं होतंच. मला रस आहे तो त्यातल्या एका कोपऱ्यात. ऑक्टोबर १९७५ मध्ये प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण उपग्रहावरून दिलं गेलं. १९७६ मध्ये पुन्हा एक फेरी झाली. दोन्ही मिळून जवळपास ५० हजार शिक्षक! एनसीईआरटीने त्यासाठी टीव्हीसोबत रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि गटचर्चा अशी सगळी मोट बांधली होती. म्हणजे नुसतं बघा आणि घरी जा, असं नव्हतं.

हे एवढं का महत्त्वाचं? कारण आपल्याकडे शिक्षक प्रशिक्षणाची नेहमीची पद्धत म्हणजे कानगोष्टींचा खेळ. तज्ज्ञ राज्याच्या लोकांना शिकवणार, ते जिल्ह्याच्या, जिल्ह्याचे तालुक्याच्या... शाळेतल्या गुरुजींपर्यंत पोचेपर्यंत मूळ मुद्द्याचं पार पाणी झालेलं असतं. उपग्रहाने मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या. जे दिल्लीत ठरलं तेच ओरिसातल्या खेड्यात जसंच्या तसं दिसणार. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती, त्यामुळे तेच चित्र दोन भाषांत ऐकवता यायचं. इंजिनियर म्हणून मला हे आजही भारी वाटतं.

पण आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट लवकर कळते. पाठवलेलं पॅकेट पोचलं का, हे समोरच्याने सांगायला हवं. इथे परतीची वाट नव्हती. पडद्यावरचा प्रयोग गुरुजींच्या वर्गात फसला तर उपग्रहाला विचारणार कसं? गटात एखादा जाणकार असेल त्याला विचारा, नाहीतर गप्प बसा.

आणि गंमत बघा, त्याच वर्षांत मध्य प्रदेशात याच्या अगदी उलटा प्रयोग चालू होता. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी फक्त १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवायला घेतलं. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टीआयएफआरमधली नोकरी सोडून आलेले. तिथले शास्त्रज्ञ मदतीला आले, त्यांत यशपालही होते. हेच यशपाल पुढे अहमदाबादला स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक म्हणून साइटच्या कामात! एकच माणूस दोन्हीकडे.

होशंगाबादचं तंत्रज्ञान म्हणजे प्रयोगाच्या सामानाची पेटी. पण खरी जादू मासिक बैठकीत होती. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र यायचे. कुठला प्रयोग जमला, कुठला फसला, पोरांनी काय विचारून अडचणीत आणलं, सगळं मांडायचे. तिथून निघालेल्या गोष्टी 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकांच्या सुधारित आवृत्तीत जायच्या. थोडक्यात, वापरणाराच बग सांगतोय आणि पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्तही होतोय. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर द्यायला 'सवालीराम' नावाचा काल्पनिक माणूसही होता.

टेल्कोत काम करणारे आपले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये एक वर्षाची रजा काढून इथेच गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या घेऊन त्रिकोण-चौकोन जोडायचं त्यांचं प्रसिद्ध खेळणं तिथलंच. पुढे पुण्याला आयुकात त्यांनी काय केलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता दोष. १६ शाळांवरून सुमारे हजार शाळांपर्यंत जायला या कार्यक्रमाला तीस वर्षं लागली. साइटने बारा दिवसांत त्याच्या कैक पट शिक्षक गाठले होते. आणि जुलै २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने कार्यक्रम बंद केला. शिक्षकांनी, शास्त्रज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. तीस वर्षं बैठकांतून तयार झालेली माणसं अशी एका आदेशाने मोडीत काढणं मला अजून पटत नाही.

मधल्या काळात उपग्रहवाल्यांनाही परतीची वाट सुचली होती. १९९६ मध्ये कर्नाटकात चित्र एका बाजूने आणि आवाज दोन्ही बाजूंनी, असं प्रशिक्षण झालं. केंद्रावर बसलेली शिक्षिका फोन उचलून स्टुडिओतल्या तज्ज्ञाला थेट शंका विचारू शकत होती. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एड्युसॅटही उडाला.

मग २०१९ मध्ये निष्ठा आलं, बेचाळीस लाख शिक्षकांचं उद्दिष्ट घेऊन. २०२० मध्ये ते दीक्षा पोर्टलवर ऑनलाइन गेलं. माझी आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तिने सगळे कोर्स पूर्ण केले, प्रमाणपत्रं फाइलला लावली. काय आवडलं विचारलं तर म्हणाली, "व्हिडिओ चांगले होते रे, पण मध्येच थांबवून बोलणार कोणाशी?" अपूर्णांकांची वजाबाकी पोरांना का समजत नाही, यावर तिची चर्चा झाली ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत, जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या गावच्या बाईंनी भाकरीचे तुकडे करून दाखवले. आईने त्याचा फोटो काढून केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि रात्री अकरापर्यंत त्यावर वाद चालू होता.