पानिपतचा खुर्दा

पानिपतानंतर पेशव्यांकडे आलेला सांकेतिक सावकारी निरोप मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. दोन मोती गेले, मोहरा सत्तावीस गेल्या आणि रुपये, खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. वर्गात हा धडा आला की मुले मोत्यांची नावे पटकन सांगतात: सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मी मात्र खुर्द्यापाशी अडते. सदाशिव पेठ भाऊंच्या नावाची आहे. या सुट्ट्या पैशांच्या नावाची गल्लीही नाही.

हा खुर्दा होता कोण? सैनिक तर होतेच. शिवाय भिस्ती, नालबंद, धान्य विकणारे, तंबू उभारणारे, सरदारांच्या बायका, दासी आणि फौजेच्या आडोशाने तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेली माणसे. त्यांना आपण बाजारबुणगे म्हणतो, आणि हा शब्द आता शिवीसारखाच वापरतो. बुणग्यांमुळे हरलो, असेही सहज सांगितले जाते. पण त्या काळची फौज याच बाजारावर जगत होती. घोड्याला नाल कोण ठोकणार, पाणी कोण आणणार? पैसा इतका कमी पडला होता की भाऊंनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडली. पुढे पानिपतच्या छावणीत रसद तुटली, तेव्हा आधी जनावरे मेली, मग माणसे उपाशी राहू लागली.

१४ जानेवारी १७६१ ला फळी फुटली. दुसऱ्या दिवसापर्यंत कत्तल चालली, बायका-मुले गुलाम म्हणून वाटून घेतली गेली. तरुण नाना फडणवीस कसेबसे निसटले, पण त्यांची आई त्या गर्दीत हरवली ती कायमची. नानांनी स्वतःच हे लिहून ठेवले म्हणून आपल्याला ठाऊक. उपाशी, उघडे परतणाऱ्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने अन्न-वस्त्र दिले. हाच सूरजमल आधी भाऊंची साथ सोडून गेला होता.

आता इब्राहिमखान गारदी. आधी निजामाच्या चाकरीत, मग पेशव्यांच्या. पानिपतावर त्याच्या पायदळाने आणि तोफांनी सकाळी रोहिल्यांची फळी कापून काढली; त्यात त्याच्या पलटणीही संपत आल्या. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा चौकटीत ही लढाई सांगणाऱ्यांना तो नेहमीच अडचणीचा ठरतो. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूरही याच लढाईत जखमी होऊन पुढे वारला.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तोही गारद्यांच्या हातून. त्यांचा नायक सुमेरसिंग. ‘गारदी’ म्हटल्यावर पुण्याला आज हाच दिवस आठवतो. पानिपतावर तोफांमागे पडलेले गारदी त्या शब्दातून पुसले गेले आहेत.

भाऊंचे प्रेत नीट ओळखले गेले की नाही, ही शंका पुण्यात मिटली नाही. म्हणूनच तोतया उभा राहू शकला. १७७६ साली त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतातून वाचून परतल्या होत्या. त्यांनी स्वतःला विधवा मानले नाही. १७८३ साली त्या वारल्या तोपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे.