किडनीची अदलाबदल आणि कायद्यातली ‘आपुलकी’

आजचा एपिसोड छोटा आहे, पनवेलला लोकलमध्ये बसलात तर खांदेश्वर येईपर्यंत संपेल.

समजा, पनवेलच्या एका माणसाच्या किडन्या निकामी झाल्यात. बायको किडनी द्यायला तयार आहे, पण तिचा रक्तगट ए आणि त्याचा बी. जमत नाही. दादरच्या एका घरात नेमकं उलटं: बायको बी, नवरा ए. मग पनवेलची किडनी दादरला, दादरची पनवेलला. झालं की काम! फेलिक्स रॅपापोर्ट या डॉक्टरांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली आणि १९९१ मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली.

आपल्याकडे गाडी अडली ती कायद्यापाशी. ऐंशीच्या दशकात मुंबई-मद्रासकडे गरिबांच्या किडन्या सर्रास विकल्या जायच्या. ते थांबवायला १९९४ चा कायदा आला. जिवंतपणी किडनी द्यायची ती आईवडील, मुलं, भावंडं किंवा नवरा-बायकोनेच. बाहेरच्याला द्यायची तर आपण आपुलकीपोटी देतोय, हे समितीला पटवायचं. आता सांगा, ज्या दादरकराचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्याबद्दल कसली आपुलकी? आपुलकी होती ती स्वतःच्या नवऱ्याबद्दल! कायदा विक्री रोखायला लिहिलेला, त्यामुळे असा वळसा घालून येणारा जिव्हाळा लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हता. तरीही काही अदलाबदली झाल्या, पण कायद्यात त्यांना नाव मिळालं ते २०११ च्या दुरुस्तीत.

मग जून २०१३. मुंबईत अपेक्स किडनी फाउंडेशनच्या पुढाकाराने पाच जोड्यांची साखळी जुळली. पहिल्या घरातली किडनी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं करत शेवटची परत पहिल्या घरात. म्हणजे दहा ऑपरेशन्स! अशी ऑपरेशन्स शक्यतो एकाच वेळी करतात, बरं का. कारण आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर एखाद्या दात्याने माघार घेतली तर? त्याच्यावर केस करून किडनी वसूल करता येत नाही. कुणाच्याही शरीरावर तशी जबरदस्ती होता कामा नये, हे बरोबरच आहे. पण म्हणूनच दोन जोड्यांनासुद्धा चार ऑपरेशन थिएटर एकदम लागतात.

एक गोची मात्र राहिलीच. दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा आणि नातवंडं आली, पण अदलाबदलीत दाता त्या यादीतलाच हवा. मेहुणा समितीच्या परवानगीने थेट किडनी देऊ शकतो. रक्तगट जुळला नाही, तर त्याला अदलाबदलीत घेता येत नाही.