मौनाची मर्यादा

मौनाने सर्व अर्थ साधतात, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. आणि भीड ही भिकेची बहीण, असेही आपणच म्हणतो. दोन्ही वचने आपापल्या जागी खरी आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की कोणते वचन कोणत्या घडीला लागू करावयाचे. या विवेकाचा एक ठसठशीत दाखला महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात आहे. तो घडला मात्र दिल्लीत. परप्रांती राहून नोकरी-व्यवसाय करणाऱ्या आपणांसारख्यांनी त्याचे स्मरण ठेवावे, अशी त्याची योग्यता आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१८ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ते पहिले आले. मध्य प्रांतात त्यांनी मुलकी सेवा केली आणि १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मुलकी सेवेची शिस्त अशी, की आपले मत टिपणात निःसंदिग्धपणे लिहावे आणि निर्णय झाला, की तो स्वतःचाच असल्याप्रमाणे अमलात आणावा. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे व त्याहून अधिक रुपयांच्या नोटा रद्द केल्या. बँकेच्या धुरीणांना या उपायाविषयी फारसा उत्साह नव्हता. तरी बँकेने ते काम चोख बजावले. मतभेद कार्यालयाच्या भिंतीआड राहिला.

१९५० मध्ये देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि मुंबई कोणाची, या वादाने महाराष्ट्र ढवळून निघाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे घोषित केले. शहर पेटले आणि पुन्हा गोळीबार झाले.

त्याच आठवड्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९ जानेवारीला स्वतः देशमुख नभोवाणीवर बोलले. पण मुंबईविषयी नव्हे. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांना जाहीर करावयाचे होते. देशी-विदेशी कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था सरकारच्या ताब्यात यावयाच्या होत्या, आणि कंपन्यांनी पैसा हलवू नये म्हणून ही योजना अखेरपर्यंत गुप्त राखणे आवश्यक होते. ज्या दिवसांत आपल्या मतदारांचा, आपल्या भाषेच्या माणसांचा आक्रोश कानी येत होता, त्याच दिवसांत हा मनुष्य राष्ट्राचे गुपित सांभाळीत होता. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामाही देऊ केला. तथापि त्यांना थांबविण्यात आले. फेब्रुवारीअखेर त्यांनी अंदाजपत्रक मांडले आणि ते पदावर राहिले.

या काही महिन्यांच्या मौनाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ते संमतीचे मौन नव्हते. ज्याच्याशी मतभेद होता, त्याला तो ठाऊक होता. राजीनाम्यासारखी गोष्ट त्याच्यापुढे ठेवलेली होती. आणि निर्णय फिरण्यास अद्याप अवकाश होता. आत बोलून जोवर काही घडू शकते, तोवर बाहेर न बोलणे हे कर्तव्यच ठरते.

जूनच्या आरंभी अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक मुंबईत भरली. त्या वेळी पंतप्रधानांनी मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील असे सांगितले. आता आतला दरवाजा बंद झाला होता. पुढे गप्प राहिले असते, तर त्या मौनाचा अर्थ संमती असाच झाला असता. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत आपली बाजू मांडली. मुंबईसारख्या प्रश्नावर मंत्रिमंडळाचा विचार न घेता निर्णय झाला, गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, आणि महाराष्ट्राविषयी आकस बाळगला गेला, असे त्यांचे आक्षेप होते. पंतप्रधानांनी ते मान्य केले नाहीत. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. ध्यानी घ्यावयाचा तो क्रम. त्यांनी आधी खुर्ची परत केली, मग तोंड उघडले. सत्तेत राहून सत्तेची निंदा केली नाही आणि सत्ता टिकावी म्हणून सत्य गिळले नाही.

त्यानंतरचे वर्तनही तितकेच बोलके आहे. महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला. परंतु त्या लाटेवर स्वार होऊन त्यांनी चळवळीचे पुढारीपण घेतले नाही. लढा लोकांनी व त्यांच्या नेत्यांनी लढविला. देशमुखांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

परमुलखात नांदताना आपणां सर्वांनाच कधी ना कधी असा प्रसंग येतो. कचेरीत आपल्या भाषेविषयी वा आपल्या प्रांताविषयी कोणी अनुदार शब्द काढतो आणि माणूस कोड्यात पडतो. बोलावे तर संकुचित ठरावे, गप्प बसावे तर मिंधे. देशमुखांचे उदाहरण या कोड्यातून वाट दाखविते. आपले मौन कामाच्या निष्ठेपोटी आहे की खुर्चीच्या लोभापोटी, हे ज्याचे त्याने निरखावे. आणि बोलण्याची घडी आली, तर त्याचे मोल स्वतः मोजण्याची तयारी असावी. हे मोल दुसऱ्याच्या पदरी टाकणारा शूर नव्हे, वाचाळ होय.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताने ते सिंचलेले होते. त्या दिवशी महाराष्ट्रात दिवे लागले, तेव्हा चिंतामणराव दिल्लीत देशभरातील विद्यापीठांचा कारभार पाहत होते.