मोटार कोठे बसवावी? : सायकलीच्या एका जोडकामाचा इतिहास

घरातली साधी सायकल विजेवर चालवावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे दुकानदार आज साधारणतः तीन पर्याय ठेवतो. मोटार पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसवावी, मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवावी, की दोन पायडलांच्या मधोमध बसवावी? सोबत बॅटरी, कंट्रोलर, वेग वाढवणारी मूठ आणि दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारे ब्रेक असा संच असतो, त्याला बाजारात नुसते ‘किट’ म्हणतात. या निवडीची चर्चा बहुधा वॅट, किलोमीटर आणि रुपये यांच्यातच संपते. आम्हांला मात्र ती मुळात इतिहासाची चर्चा वाटते. मराठीच्या अध्यापकांचे येथे काय काम, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, जुन्या वस्तूत नवे काही घातले म्हणजे मूळ वस्तूचे काय उरते, हा प्रश्न आम्हांला रूपांतर, पाठभेद आणि प्रक्षेप या नावांनी वर्गात नेहमीच भेटतो.

वस्तुतः दुकानदाराच्या तीन पर्यायांपैकी दोन एकोणिसाव्या शतकातच कागदावर आले होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी एका विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. तिची मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये होती आणि बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली होती. आजच्या कोणत्याही हब मोटारीच्या किटशेजारी ते चित्र ठेवावे, ओळख पटावयास वेळ लागत नाही. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होझिया लिबी यांनी पायडलांच्या आसाशी दुहेरी मोटार बसवण्याचे पेटंट घेतले. १८९९ मध्ये जॉन श्नेप्फ यांनी मागच्या टायरवर घासून फिरणाऱ्या रूळाची योजना मांडली. कल्पना होत्या, हलकी बॅटरी नव्हती. शिशाच्या जड बॅटऱ्यांवर या सायकली फार दूर जाऊ शकल्या नसत्या, आणि म्हणून पुढची पन्नास वर्षे सायकलीला जोडावयाचे बळ पेट्रोलचे राहिले. जागेचा प्रश्न मात्र तोच राहिला.

पुढच्या चाकाची कथा पॅरिसमध्ये सुरू होते. मिशेल आणि यूजीन वेर्नर हे मूळचे रशियातील बंधू पेशाने पत्रकार होते. १८९७ मध्ये त्यांनी हँडलाच्या पुढे, चाकाच्या वर इंजिन बसवले आणि पट्ट्याने पुढचे चाक फिरवले. या वाहनाला त्यांनी ‘मोटोसिक्लेत’ हे नाव दिले. ते खपलेही. पण वजन उंचावर आणि पुढे आल्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी घसरे. १९०१ मध्ये वेर्नर बंधूंनीच इंजिन खाली, पायडलांच्या जागी, सांगाड्यात आणून बसवले आणि पुढील मोटारसायकलींनी ती जागा कायम केली. ‘मोटारसायकल’ हा शब्द आपण आज सहज उच्चारतो, पण त्यातील सायकल ज्या क्षणी नाहीशी झाली तो क्षण आमच्या मते हाच. इंजिन मध्यावर आले आणि सांगाडा इंजिनासाठी घडू लागला.

तरीही किटचा खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही प्रामुख्याने युद्धाने पोळलेल्या देशांत. याचे कारण उघड आहे. लोकांपाशी गाडी घेण्याचे पैसे नव्हते, पेट्रोल दुर्मिळ होते; होती ती फक्त सायकल. इटलीत आल्दो फारिनेल्ली यांनी आखलेले ४८ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन पायडलांपाशी बसे आणि सायकलीच्याच चेनमधून मागच्या चाकाला बळ देई. बोलोन्याजवळचा डुकाटीचा कारखाना युद्धापूर्वी रेडिओचे सुटे भाग करी. १९४४ मध्ये तो बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला होता. १९४६ पासून त्याने हे इंजिन करावयास घेतले. नाव होते ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. आज शर्यतींच्या मोटारसायकलींमुळे ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा दुचाकींमधला आरंभ असा सायकलीच्या पोटाला बांधलेल्या पिलापासून झाला.

त्याच वर्षी जपानच्या हामामात्सु गावी सोइचिरो होंडा यांना लष्कराच्या बिनतारी संचांसाठी केलेली लहान जनित्र-इंजिने हाती लागली. इंधनाची टाकी म्हणून पहिल्यांदा वापरली ती अंथरुणात ऊब घेण्यासाठी असते तशी गरम पाण्याची बाटली. इंजिन प्रथम हँडलापुढे ठेवून रबरी रूळाने पुढचे चाक फिरवून पाहिले गेले. त्या काळच्या जपानी टायरांना ते घर्षण सोसेना, म्हणून पट्टा मागच्या चाकाला नेण्यात आला. पत्नी साची यांना सायकलवरून दूरवर जाऊन धान्य-भाजी आणावी लागे, त्यांचे कष्ट वाचावेत हा हेतू या उद्योगामागे सांगितला जातो. १९५२ मध्ये होंडाने ‘कब एफ’ हे तांबड्या इंजिनाचे आणि पांढऱ्या टाकीचे किट काढले. ते विकले कोणी, तर गावोगावच्या सायकल दुकानदारांनी. ताकेओ फुजिसावा यांनी पन्नास हजारांवर दुकानांना पत्रे धाडली होती. उद्योगाच्या इतिहासात पत्रलेखनाला एवढे यश क्वचितच आले असेल. असो.

फ्रान्समधील ‘वेलोसोलेक्स’ने मात्र वेर्नर बंधूंनी टाकून दिलेली जागाच पुन्हा पत्करली. इंजिन पुढच्या चाकावर आणि रूळ टायरवर टेकलेला. पावसात रूळ घसरे. तरी १९४६ ते १९८८ अशी बेचाळीस वर्षे ती फ्रान्समध्ये तयार होत राहिली; झाक तातीच्या १९५८ च्या ‘मों ऑंक्ल’ या चित्रपटातील म्युस्यो युलो तिच्यावरूनच हिंडतो. वेर्नर जेथे फसले तेथे ही टिकली, कारण तिचे बळ थोडे आणि वेग बेताचा होता. शिवाय एक दांडी ओढली की इंजिन चाकावरून उचलले जाई आणि खाली साधी सायकल उरे. ही दांडी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडच्या ‘सायकलमास्टर’ने १९५० मध्ये निराळी वाट धरली. मागचे चाकच काढावयाचे आणि ज्याच्या पोटात २५.७ सीसीचे इंजिन आहे असे दुसरे चाक बसवावयाचे. ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ईएमआयच्या कारखान्यात ते तयार होई. आजचे हब मोटारीचे किट घेणारा नेमके हेच करतो.

मग हा बहर ओसरला. पैसा हाती आला तसे लोकांनी पूर्ण गाडी घेतली. होंडाची ‘सुपर कब’ १९५८ ची, तिला पायडल नव्हते. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून ‘लूना’ आणली. तिला पायडल होते, पण ते मुख्यतः गाडी सुरू करावयास आणि पेट्रोल संपल्यावर कसेबसे घर गाठावयास. भरल्या पिशवीसह लूना पायडल मारीत नेणे काय असते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगावयास नको. येथे पायडल हा गतकालाचा अवशेष होता. उच्चार बदलल्यावरही लेखनात जुने अक्षर मागे राहावे, तसा.

या घसरणीला अडवणारी घटना म्हणून आम्ही १९९३ कडे पाहतो. यामाहाने त्या वर्षी जपानमध्ये ‘पास’ ही सायकल विक्रीस आणली. तिची मोटार पायडलांपाशी होती आणि स्वार जेवढे बळ लावी, जास्तीत जास्त तेवढेच बळ ती स्वतःचे घाली. ताशी १५ किलोमीटरनंतर ही मदत घटत जाई आणि २४ ला थांबे. पाय थांबला की मोटार थांबली. मोटार येथे माणसाच्या श्रमाला दुजोरा देत होती, त्याच्या जागी बसत नव्हती. युरोपच्या २००२ च्या नियमाने हाच विचार २५० वॅट आणि २५ किलोमीटर या मर्यादांत बांधला. आपल्या मोटार वाहन नियमांतही याच आकड्यांच्या आतील वाहनाला नोंदणीतून मोकळीक आहे. मात्र तेथे पायडलाची अट सर्वांना नाही, त्यामुळे नुसत्या मुठीवर चालणारी गाडीही त्यात बसते. आमच्या मते सायकलीच्या दृष्टीने ही सवलत फसवी आहे.

तेव्हा आज निवड करताना आम्ही प्रथम सोलेक्सची दांडी आठवू. मोटार बंद असताना सायकल सायकलीसारखी चालते का? आत गिअर असलेल्या हब मोटारीत फ्रीव्हील असते, म्हणून बंद मोटारीचा भार पायाला फारसा जाणवत नाही. गिअर नसलेली थेट मोटार दणकट आणि शांत असते, पण ती बंद असतानाही चाकाला चुंबकाचा अडथळा लागतो, आणि घाटात वेग मंदावला की ती तापते. मधली मोटार चढावर सर्वांत समर्थ, कारण तिला सायकलीचे गिअर वापरता येतात. मात्र चेन आणि दाते लवकर झिजतात, आणि आपल्या काळ्या, एकाच वेगाच्या सायकलीवर तो मुख्य लाभ मिळतच नाही. अशा सायकलीला मागच्या हबची गिअरवाली मोटार आम्ही पसंत करू. पंक्चर काढताना चाक सोडवणे जिकिरीचे होते आणि मागे सामानाबरोबर मोटारीचेही वजन येते, हे मान्य करूनच. पुढची मोटार बसवावयास सर्वांत सोपी, पण तिचा आस चिमट्याच्या टोकाच्या खाचेत फिरू पाहतो. चिमटा पोलादी असावा आणि आस धरून ठेवणारी आधारपट्टी जरूर लावावी. ॲल्युमिनियमचा चिमटा असेल तर हा नाद सोडावा.

आणि दांड्यांचे ब्रेक असलेली जुनी सायकल असेल, तर मोटारीच्या आधी ब्रेक पाहावेत. ओल्या रिमवर ते किती उशिरा लागतात हे त्या सायकलीच्या मालकाला ठाऊक असतेच. ताशी १२ किलोमीटरला जे चालून जाते ते २५ ला चालणार नाही.