भूवेधी रडार आणि भूमिगत वाहिन्या

भूवेधी रडार म्हणजे रेडिओ लहरींचे स्पंद जमिनीत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून गाडलेल्या वस्तूंचा ठाव घेण्याची पद्धत. ऑस्ट्रियातील हिमनदीची जाडी १९२९ मध्येच रेडिओ लहरींच्या साहाय्याने मोजली गेली होती. वाहिन्या शोधताना साधारण २५० ते ५०० मेगाहर्ट्‌झचा अँटेना चाकांच्या गाड्यावर बसवून रस्त्यावर आडवा फिरवतात. पडद्यावर नळाचे चित्र दिसेल ही अपेक्षा चुकीची; उमटते ती कमान, गणितातला अपास्त. गाडा नळाच्या नेमका वर असताना लहरीचा प्रवास सर्वांत कमी होतो, म्हणून कमानीचा माथा ही नळाची जागा. ही जागा बहुधा बरोबर निघते. खोलीची मात्र तशी खात्री देता येत नाही, कारण यंत्र अंतर मोजत नाही, वेळ मोजते. प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांनी आला आणि लहर किती मंदावते हे ठरवणारा मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९ धरला, तर नळ १ मीटरवर; पाणी मुरून तोच स्थिरांक २५ झाला असेल, तर अवघ्या ६० सेंटिमीटरवर. जेसीबी चालवणाऱ्याला हा फरक महागात पडतो.

कमान किती फाकली यावरून लहरीचा वेग काढता येतो, असे यावर सांगितले जाते. ते खरे, पण गाडा नळाला काटकोनात ओलांडत असेल तरच. तिरका ओलांडला की कमान पसरते, वेग जास्त भासतो आणि नळ आहे त्यापेक्षा खोल वाटतो. यंत्र अधिक ताकदीचे घ्यावे, हा दुसरा उपायही तोकडा आहे. दख्खनची ओली काळी माती आणि मुंबईतील भरावाची खारी जमीन विद्युत्‌वाहक असल्याने लहर वाटेतच जिरते. कमी वारंवारता खोल जाते, पण बारीक केबल तिला दिसत नाही. मग रडार हवेच कशाला? कारण विद्युतचुंबकीय शोधकाला धातूच सापडतो. सोबत धातूची ट्रेसर तार नसलेला पीव्हीसीचा किंवा सिमेंटचा नळ त्याच्या हाती लागत नाही. तेव्हा दोन्ही साधने वापरावीत आणि जिथे धोका आहे तिथे हाताने चाचणी खड्डा घ्यावा. भूमिगत वाहिन्यांच्या सर्वेक्षणासाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली आलेल्या ‘पास १२८’ या विनिर्देशातही सर्वांत वरची श्रेणी प्रत्यक्ष उघडी करून पाहिलेल्या वाहिनीलाच आहे. पडदा कोरा दिसला म्हणून जमीन मोकळी ठरत नाही. निविदेत चाचणी खड्ड्यांची तरतूद नसेल, तर रडार सर्वेक्षण अपुरे समजावे.