पागा, शिलेदार आणि सालोत्री

मराठी फौजेच्या इतिहासात लढायांना पाने लाभली. घोड्याच्या दुखण्याखुपण्याला ओळीही लाभल्या नाहीत. वस्तुतः इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपली कित्येक घराणी पोहोचली ती घोडदळाच्या मागोमाग. त्या घोड्याचा दाणा, नाल आणि औषध यांचा खर्च कोण सोसत होते, हा प्रश्न आम्हांला लढाईच्या तिथीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शिवकालात पागेचा घोडा सरकारी आणि त्यावर बसणारा तो बारगीर. सभासदाने सांगितलेल्या व्यवस्थेत २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद आढळतो. घोडा लंगडू लागल्यावर माणूस शोधत हिंडावे लागू नये, म्हणून तो आधीच नेमलेला. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडे छावणीस असलेल्या लष्कराला गेलेले महाराजांचे पत्रही याच दृष्टीचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आरंभीच उधळले, तर भर पावसात घोडी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, अशी त्यात ताकीद आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवत पेटेल, इथपर्यंत विचार केलेला आहे. रयतेला तोशीस लागू नये, ही त्यामागची मुख्य कळकळ. पण तिचा मार्ग घोड्याच्या चंदीच्या हिशोबातून जातो.

शिलेदाराची गोष्ट निराळी. घोडा त्याचा, शस्त्र त्याचे. पगार बारगिरापेक्षा अधिक, पण चंदी, नालबंदी, औषधपाणी त्यातच भागवायचे. घोडा गेला तर भांडवलच गेले. शिलेदार घोडा फार जपतो, असा टोमणा इंग्रज लेखकांनी मारला आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज त्याने घोडा जपू नये तर काय करावे! पुढे इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली, तेव्हा स्वारांच्या वर्गणीतून ‘चंदा’ साठवला जाई व मेलेल्या घोड्याच्या जागी त्यातून दुसरा मिळे. पहिल्या महायुद्धाच्या ताणात ही पद्धत कोलमडली आणि नंतर बंद झाली.

घोड्याचा वैद्य तो शालिहोत्री, बोलीत सालोत्री. शालिहोत्र ऋषीच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रावरून हे नाव पडले. शास्त्रशुद्ध शिक्षण मुंबईत १८८६ साली सुरू झाले, परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळाच्या आवारात. इंदूरकरांच्या हाकेच्या अंतरावर महूचे महाविद्यालय १९५५ चे, बडोदेकरांना जवळचे आणंदचे १९६४ चे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणी आवश्यक केली. आपल्याकडे अजूनही डॉक्टरचा ‘हातगुण’ विचारतात. तो जरूर विचारावा, पण नोंदणी आहे का आणि रात्री-अपरात्री कोण येईल, हेही कुत्रा धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

कारण आजचा घरातला कुत्रा हा शिलेदारी घोडाच आहे. सरकारी दवाखान्यांची घडण मुख्यतः गुराढोरांसाठी झाली. क्ष-किरण, शस्त्रक्रिया यांसाठी बहुधा खासगी दार ठोठवावे लागते. पिलाची किंमत हा खर्चाचा लहानात लहान भाग. दरसाल रेबीजची लस, जंतांचे औषध, आणि उतारवयात दात, सांधे, मूत्रपिंड. काही कंपन्या कुत्र्याचा विमा उतरवतात, पण वय वाढल्यावर तो मिळणे कठीण.

आमच्या आळीत बारा वर्षे राखण केलेला एक कुत्रा शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून तसाच घरी परत आणला गेला व आठवड्याने गेला. घरधनी निर्दय नव्हता. हाताशी पैसा नव्हता इतकेच. जुन्या संस्थानांत पागेचे दप्तर लिहायला पागनीस असे. त्या घरी आता दुसरे पिल्लू आले आहे, आणि घरखर्चाच्या वहीत त्याच्या नावाने दरमहा एक रक्कम बाजूला पडते.