समोरासमोरचें तत्त्व आणि दूरचें काम

तत्त्वाची खरी परीक्षा तें लिहितांना होत नाहीं. परिस्थिति पालटल्यावर होते. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील युटा संस्थानांत, स्नोबर्ड येथें, सॉफ्टवेअर रचणारे १७ जण जमले. आधीं जाडजूड आराखडा लिहावा आणि मग शेवटपर्यंत त्यालाच चिकटून राहावें, या रीतीला ते विटले होते. त्यांनीं ‘अजाइल’ जाहीरनामा काढला. त्यास १२ तत्त्वें जोडलीं. एक सांगतें कीं, माहिती देण्याघेण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोरचें संभाषण. दुसरें सांगतें कीं, मंडळीनें ठराविक काळानें आपल्या कामाचें सिंहावलोकन करून वर्तन सुधारावें.

२०२० सालीं महामारीनें कचेऱ्या बंद पाडल्या आणि हीं दोन तत्त्वें जणूं एकमेकांसमोर उभीं ठाकलीं. पहिलें अक्षरशः पाळणें अशक्य झालें. तेव्हां वाट दाखविली ती दुसऱ्यानें. पुढें कांहीं दिवस घरीं व कांहीं दिवस कचेरींत, अशी ‘हायब्रिड’ पद्धति अनेक ठिकाणीं रूढ झाली.

आमच्या मतें यांत अनुभवी माणसाचें फारसें अडत नाहीं. अडतें तें नवख्याचें. शेजाऱ्याचें काम पाहतां पाहतां जी विद्या नकळत अंगीं मुरते, ती घरीं मागितल्यावांचून मिळत नाहीं. आणि काय मागावें हेंच तर नवख्यास ठाऊक नसतें! म्हणून कचेरींतले दिवस हजेरीसाठीं नव्हेत, शिकण्याशिकविण्यासाठीं राखले पाहिजेत.